हातिमताईला हायकूत मज्जाव का?

गेल्या पावसाळ्यात एका काव्यवाचनात मी चार हायकू वाचले. चारही हातिमताईच्या किश्श्यावरचे. खाली बसतो न बसतो तोच अध्यक्षस्थानी असलेले ज्येष्ठ कवी म्हणाले, "याला हायकू म्हणू नये. हायकू म्हणजे निसर्गातला क्षण. इथे तर जिन आणि पऱ्या आल्या!" सभागृहात हशा पिकला. बाहेर चहा घेताना आपल्याच चळवळीतला एक जुना मित्र भेटला. त्याचा आक्षेप दुसऱ्या टोकाचा. "भाई, आपल्या पोरांना शहरात भाड्याने खोली मिळत नाही आणि तू हातिमताई लिहितोस?"

एका संध्याकाळी दोन्ही गालांवर प्रसाद मिळाला. दोघेही मला वडीलधारे. तरीही उत्तर देणे भाग आहे, कारण प्रश्न माझ्या चार हायकूंचा नाही. मुसलमान कवीने काय लिहावे आणि काय लिहू नये, हे परस्पर ठरवून टाकण्याचा आहे.

आधी हातिमविषयी. हातिम मला पुस्तकात भेटला नाही, नानीच्या तोंडून भेटला. हैदरबख्श हैदरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हा किस्सा फारसीवरून उर्दूत आणला, त्याचे नाव 'आराइश-ए-महफिल', हे मला फार पुढे कळले. नानीला तर वाचताच येत नव्हते. पण हुस्नबानूचे सात सवाल तिला तोंडपाठ होते. प्रेमात पडला शहजादा मुनीर शामी, आणि सवालांची उत्तरे शोधत रानोमाळ हिंडतो हातिम. दुसऱ्याच्या लग्नासाठी! इथे नानी हमखास हसायची. पाचवा सवाल कोहे-निदाचा. त्या डोंगरातून कुणाच्या तरी नावाने हाक येते. ज्याचे नाव आले तो हातातले काम टाकून डोंगराकडे धावत सुटतो, आणि परत येत नाही. नानी ती हाक काढून दाखवायची तेव्हा आम्ही पोरे गोधडीत शिरायचो.

नानी गेली ती भरल्या ताटावरून. तिच्यावर मी लेख लिहायला बसलो, जमला नाही. कविता लिहिली, ती रडकी झाली. शेवटी हाती राहिले ते एवढेच:

डोंगराने हाक मारली
भाकरीचा तुकडा
ताटात तसाच

आता अध्यक्षमहाशयांनी सांगावे, यात जिन कुठे आहे आणि परी कुठे आहे?

पण समजा असती, तरी काय बिघडले असते? जपानी कवितेचा दाखला देणाऱ्यांनी जपानी कविता थोडी तरी पाहावी. तिथल्या जुन्या कथांतली एक कथा वेळू तोडणाऱ्या म्हाताऱ्याची. त्याला वेळूत एवढीशी मुलगी सापडते, ती मोठी होते आणि शेवटी चंद्रावर आपल्या लोकांत परत जाते. या अद्भुत कथेतच पात्रांच्या तोंडी तांका रचनेच्या कविता आहेत. मुरासाकी शिकिबू या बाईने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या 'गेंजी'च्या कथेत अशा जवळजवळ ८०० कविता आहेत. पुढे ११९३ च्या एका काव्यस्पर्धेत फुजिवारा शुन्झेई या बुजुर्ग परीक्षकाने बजावले की, गेंजी न वाचता कविता करणारा कवी ही खेदाची गोष्ट होय. म्हणजे कथेतून कविता काढणे तिथे चोरी नव्हती. ती कवीची तालीम होती.

हायकूचे म्हणाल तर बाशोचेच (१६४४–१६९४) उदाहरण घ्या. १६८९ च्या प्रवासात कोमात्सू गावच्या देवस्थानात त्याने सानेमोरी या वृद्ध योद्ध्याचे शिरस्त्राण पाहिले. केस काळे करून तरुणांबरोबर लढायला गेलेल्या या म्हाताऱ्याची गोष्ट जपानातल्या पोराटोरांना ठाऊक. बाशोने त्या शिरस्त्राणाखाली किरकिरणाऱ्या किड्यावर हायकू लिहिला. कीडा आजचा, गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीची, आणि दोन्ही तीन ओळींत. बुसोन (१७१६–१७८४) तर माणसाचे रूप घेणाऱ्या कोल्ह्यांवर लिहीत असे आणि भुताखेतांची चित्रेही काढीत असे. त्याला कुणी सभागृहात हसले होते काय?

दुसरा मुद्दा पाच-सात-पाच अक्षरांचा. माझी अक्षरे मोजून एका संपादकांनी कविता परत पाठवली होती. त्यांना नम्रपणे सांगतो, जपानी माणूस आपली अक्षरे मोजत नाही. तो मोजतो ते एकक आपल्या मात्रेच्या जवळचे आहे. आपण 'तोक्यो' लिहितो तेव्हा अक्षरे दोन, जपानी मोजणीत मात्र चार, कारण दोन्ही स्वर लांब. मात्रा मोजल्या तर आपल्याकडेही चारच. म्हणजे अक्षरे मोजून आपण जो हायकू पवित्र मानतो, तो मुळात जपानी मापाचा नाहीच. शिवाय आपण त्याला यमकही जोडतो. जपानी हायकूला यमकाचे बंधन नाही. मराठीने त्याला आपल्या घरचे कपडे चढवले, आणि त्यात गैर काही नाही. १९७० च्या दशकापासून शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तो मराठी करूनच. त्याआधी माधव जूलियनांनी गझल आणि रुबाई मराठीत आणली, तीही मराठी झाली. जपानचे फूल मराठी मातीत लावताना कुणाची ना नव्हती. मग त्याच मातीत माझ्या नानीचा किस्सा तेवढा परका कसा? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठी वाचकांच्या हाती दिल्या, त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. मराठी घरांत सिंदबाद आणि अल्लाउद्दीन आमच्या शिफारशीवाचून पोचले आहेत.

आता माझ्या मित्राकडे वळतो. त्याला उत्तर देणे कठीण आहे, कारण तो खोटे बोलत नाही. नाव ऐकल्यावर घरमालकाचा सूर बदलतो, हे मीही भोगले आहे. आपल्या साहित्याने ते लिहिले पाहिजे, आणि आपण लिहितोही. पण मित्रा, आपल्याकडून फक्त तेवढेच मागितले जाते, हे तुझ्या लक्षात आले आहे का? विशेषांक निघाला की मुसलमान लेखकाकडे दंगल मागतात, तलाक मागतात, बुरखा मागतात. चिमणी मागत नाहीत. पाऊस मागत नाहीत. आपण जणू कायमचे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे. विचारले तेवढे सांगा आणि खाली उतरा. ज्या माणसाला स्वप्न पाहण्याची परवानगी नाही, फक्त जबानी देण्याची आहे, तो अर्धाच नागरिक झाला. हे अर्धेपण बाहेरच्यांनी लादले तर आपण भांडतो. मग आपणच ते एकमेकांवर का लादावे?

आणि हातिम पळून जाणाऱ्यांचा नायक आहे, हे तरी कुणी सांगितले? हरिणीला लांडग्यापासून वाचवण्यासाठी तो स्वतःच्या अंगाचे मांस कापून देतो. हमाम-ए-बादगर्दमध्ये पोपटावर तीन बाण मारायचे असतात. पहिला चुकला की गुडघ्यापर्यंत दगड, दुसरा चुकला की त्याहून वर. आधी आलेले सारे तिथे पुतळे होऊन उभे. तिसरा बाण हातिम डोळे मिटून, अल्लाचे नाव घेऊन सोडतो.

गुडघ्यापर्यंत दगड
आता डोळे मिटून
तिसरा बाण

हा हायकू मी खोली शोधणाऱ्या एका मुलासाठीच लिहिला होता. पंधरावे दार ठोठावताना त्याचे पाय कसे झाले असतील, ते सांगायला मला दुसरे शब्द सापडले नाहीत. निवेदन लिहिले असते तर तारीख आणि पत्ता आला असता. ते पाय आले नसते.

काही दीनदार मंडळी किस्से-कहाण्यांना खुराफात म्हणून घरातून हद्दपार करतात. त्यांना एवढीच आठवण देतो की, कबिला तयचा हातिम हा इस्लामपूर्व काळातला खराखुरा माणूस, दानशूर आणि स्वतः कवी. त्याची मुलगी कैद होऊन आली तेव्हा बापाच्या सखावतीची कदर करून रसूलुल्लाहनी तिला सन्मानाने सोडून दिले, असे सीरतच्या किताबांत येते. मग त्याच हातिमच्या नावाने आपल्या नान्या-दाद्यांनी मुलांना उदारपणा शिकवला, तर त्यात खुराफत कसली?

एक कबुलीही देतो. या वाटेवर वाईट लिखाण पुष्कळ होते. जादूची चटई, सोनेरी परी, चमचमते तारे, आणि झाला हायकू! हा नुसता जिलेबीचा पाक. गोष्ट पुन्हा सांगत बसलात तर तीन ओळी पुरणार नाहीत. गोष्टीतली एकच वस्तू उचला, ती आपल्या घरात आणून ठेवा. ज्याला गोष्ट ठाऊक नाही त्यालाही ती वस्तू दिसली पाहिजे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला त्यामागे आणखी काही ऐकू आले पाहिजे. माझ्या चारपैकी दोन हायकू या कसोटीला उतरत नाहीत. ते मी फाडून टाकले आहेत. जिन-पऱ्यांचा दोष त्यात नव्हता, माझाच होता.

तेव्हा तरुण दोस्तांना विनंती, ज्यांच्या घरी नानी किंवा दादी अजून आहे, त्यांनी आज रात्री तिच्याजवळ बसून एक तरी किस्सा पुरा ऐकून घ्यावा. डोंगराची हाक कधी येईल ते सांगता येत नाही. मी सातवा सवाल विचारायचा राहिलो. पुढच्या काव्यवाचनाला मात्र जाणार आहे, उरलेले दोन हायकू घेऊन. कुणाला हसायचे असेल त्याने खुशाल हसावे.