भीतीने मिळालेला विश्वास

मे 2024 च्या पहिल्या आठवड्यात राइट टाउनमधील आमच्या सकाळच्या फेरफटक्याचा विषय अचानक बदलला. 19 एप्रिलला जबलपूरचे मतदान उरकले होते आणि तोवर चर्चा निवडणुकीचीच होती. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या माझ्या शेजाऱ्यांनी मोबाइल पुढे धरला आणि विचारले, ‘‘कंपनीने न्यायालयात कबूल केले म्हणे. मग तीन वर्षांपूर्वी आपल्या दंडात काय टोचले?’’ त्याच आठवड्यात माझ्या परिचयातील दोन कुटुंबांनी रक्ताच्या गुठळ्यांची शंका दूर करण्यासाठी तरुण मुलांची डी-डायमर चाचणी करून घेतली. दोघांचेही अहवाल ठीक आले. मनातली शंका मात्र तशीच राहिली.

बातमी खरी होती, पण नवी नव्हती. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रात एवढेच मान्य केले होते की, तिच्या लसीमुळे अत्यंत विरळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेटची संख्या घटू शकते. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्हिशील्ड’ या नावाने बनवली आणि आपल्यापैकी बहुसंख्यांनी घेतली. युरोपीय औषध नियामकाने हा दुष्परिणाम 7 एप्रिल 2021 रोजीच लसीच्या माहितीपत्रकात नोंदवण्यास सांगितले होते. त्याच दिवशी ब्रिटनने 30 वर्षांखालील व्यक्तींना शक्यतो दुसरी लस देण्याचा सल्ला दिला आणि महिन्याभराने ही मर्यादा 40 वर्षांवर नेली. हा विकार होतो तो लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनंतर त्यासाठी रक्त तपासून घेण्याने काहीही साधत नाही.

हे सारे मी शेजाऱ्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘मग हे आम्हाला तेव्हाच का नाही सांगितले?’’

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की सांगितले होते. पण ऐकू जाईल असे सांगितले नव्हते. 17 मे 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लसीकरणानंतरच्या गंभीर घटनांचा आढावा प्रसिद्ध केला. तपासलेल्या 498 प्रकरणांपैकी 26 प्रकरणे कोव्हिशील्डनंतरच्या संभाव्य गुठळ्यांची होती. म्हणजे दर 10 लाख मात्रांमागे 0.61. कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यावे, हेही त्यात होते. परंतु तेव्हा देश प्राणवायूच्या सिलिंडरमागे धावत होता. ते निवेदन सरकारी प्रसिद्धीपत्रकात राहिले. लसीकरण केंद्राच्या भिंतीवर किंवा टोचणाऱ्या परिचारिकेच्या तोंडी ते कधी आले नाही. सामान्य माणसाच्या कानांवर पडले होते ते 3 जानेवारी 2021 रोजीचे औषध महानियंत्रकांचे वाक्य: लसी ‘110 टक्के सुरक्षित’ आहेत. शंभरावर दहा चढवले की शास्त्र संपते आणि जाहिरात सुरू होते.

लोक लसीला घाबरतात ते अडाणीपणामुळे, अशी आपल्या धोरणकर्त्यांची एक सोयीची समजूत आहे. मध्य प्रदेशचा अनुभव तसे सांगत नाही. राज्यातील पहिले चार कोरोनारुग्ण 20 मार्च 2020 रोजी आमच्या जबलपुरातच सापडले होते. तरीही 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा देशभर आरोग्य कर्मचारीच मागे राहिले. त्यांना अडाणी कोण म्हणेल? कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेची आकडेवारी आलेली नसताना तिला परवानगी मिळाली, हे त्यांना ठाऊक होते. त्याच जानेवारीत भोपाळच्या गॅसपीडित वस्त्यांतील काही जणांनी, आपण चाचणीत सहभागी आहोत हेच आपल्याला नीट सांगितले गेले नाही, अशी तक्रार केली. संबंधित संस्थेने ती फेटाळली. पण 1984 पाहिलेल्या शहरात अशा तक्रारीचा आवाज दूरवर जातो. पुढे 13 मे रोजी कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले. त्याला शास्त्रीय आधार होता, पण ते लसटंचाईच्या ऐन भरात वाढवल्याने ‘साठा नाही म्हणून वाढवले’ असाच अर्थ लोकांनी काढला.

आणि तरीही 21 जून 2021 रोजी मध्य प्रदेशात एका दिवसात 16 लाखांहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. जानेवारीत कचरणारे लोक जूनमध्ये रांगेत उभे होते. मधल्या काळात लसीविषयीची त्यांची समज वाढली होती, असे मला वाटत नाही. मधल्या काळात एप्रिल येऊन गेला होता. प्रत्येक घराने कोणाला तरी स्मशानात पोहोचवले होते किंवा पोहोचवतानाही पाहता आले नव्हते. माहितीने जे करायचे ते मृत्यूच्या भयाने केले. म्हणून मे 2024 मधील घबराटीचे मला आश्चर्य वाटत नाही. भीतीने मिळालेला विश्वास दुसरी भीती येईपर्यंतच टिकतो.

भीती पुरेनाशी झाली तेव्हा सक्ती आली. मुंबईत 15 ऑगस्ट 2021 पासून लोकल प्रवासासाठी दोन मात्रांची अट होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेणाऱ्यांना रेशन आणि पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला. अखेर 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच निकालात न्यायालयाने लसीकरणाचे धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले आणि दुष्परिणामांची माहिती लोकांना खुली करण्यास सांगितले. या निकालाचा पहिला भाग लसविरोधकांनी उचलला, दुसरा सरकारने. तिसरा, जो नागरिकांचा होता, तो कोणीच उचलला नाही.

मी हे लसीच्या बाजूने उभा राहून लिहीत आहे. तमिळनाडू पोलीस दलातील सुमारे 1 लाख 17 हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतील संस्थेने केला. फेब्रुवारी ते मे 2021 या काळात लस न घेतलेल्या सुमारे 17 हजारांपैकी 20 जण दगावले. दोन्ही मात्रा घेतलेल्या 67 हजारांहून अधिक जणांपैकी 4. तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंविषयी याच परिषदेने 47 रुग्णालयांत केलेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे असा धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी आढळला. हे दोन अभ्यास सोप्या भाषेत घराघरांत पोहोचले असते, तर माझ्या परिचितांनी मुलांची रक्ततपासणी केली नसती.

हे घडत नाही याचे एक उदाहरण मे 2024 मधले आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी कोव्हॅक्सिन घेतलेल्या 926 जणांचा वर्षभर मागोवा घेतला आणि सुमारे एकतृतीयांश जणांनी नंतर काही ना काही त्रास झाल्याचे सांगितले. वैद्यकीय संशोधन परिषदेने या अभ्यासापासून स्वतःला जाहीरपणे अलग केले. तिचा आक्षेप रास्त आहे: लस न घेतलेल्यांचा तुलनागट त्यात नव्हता आणि माहिती दूरध्वनीवरून गोळा केली होती. वर्षभरात सर्दी-खोकला लस न घेतलेल्यालाही होतो. ‘लसीनंतर’ आणि ‘लसीमुळे’ यांतला फरक इथेच आहे. पण अशा अभ्यासाला केवळ खुलाशाने उत्तर देता येत नाही. तुलनागट असलेला, मोठा आणि सर्वांना तपासता येईल असा अभ्यास समोर ठेवणे हेच त्याचे उत्तर.

यापुढे तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, लसीकरणानंतरच्या गंभीर घटनांची चौकशी ठरलेल्या मुदतीत पूर्ण होऊन प्रसिद्ध व्हावी. विलंब काय करतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणाऱ्या हाफकिन यांच्यावर 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी 19 जण धनुर्वाताने दगावल्याचा ठपका आला. दोष एका दूषित बाटलीचा होता. त्यांना निर्दोष ठरवायला 1907 उजाडले. दुसरी, जोखीम नेहमी आकड्यांत सांगावी: लाखात किती, लसीने किती आणि आजाराने किती. ‘पूर्ण सुरक्षित’ हा शब्दप्रयोग सरकारी भाषेतून हद्दपार व्हावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोरोनाने मृत्यू झालेल्याच्या कुटुंबाला 50 हजार रुपये देण्याचे सरकारने मान्य केले. परंतु लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने सांगितले, की लस ऐच्छिक होती, सरकारवर दायित्व नाही, हवे तर दिवाणी न्यायालयात जा. ज्यांनी लसीविना लोकलचे तिकीट मिळत नसल्याचे पाहिले, त्यांना ‘ऐच्छिक’ हा शब्द कसा ऐकू आला असेल? ब्रिटनमध्ये लसीमुळे गंभीर अपंगत्व आल्यास दोष कोणाचा हे सिद्ध न करता भरपाई देणारा कायदा 1979 पासून आहे. लाखो जीव वाचावेत म्हणून एखाद्याने जोखीम पत्करली आणि ती दुर्दैवाने त्याच्याच वाट्याला आली, तर त्याचा भार समाजाने उचलावा, हा साधा न्याय आहे. त्यासाठी खर्चही मोठा नाही, कारण अशी प्रकरणेच विरळ आहेत. ती विरळ आहेत हा सरकारचा दावा असेल, तर भरपाईची तरतूद हाच त्या दाव्यावरील विश्वासाचा पुरावा ठरेल.

पुढची साथ केव्हा येईल, कोणालाही सांगता येत नाही. ती येईल तेव्हा राइट टाउनमधील माझे शेजारी पुन्हा रांगेत उभे राहतील का, हे लसीच्या गुणवत्तेवर जेवढे अवलंबून असेल, तेवढेच आज त्यांच्या प्रश्नाला काय उत्तर मिळते यावर. त्यांनी लस नाकारलेली नाही. दोन्ही मात्रा घेतल्या आहेत. आता ते फक्त हिशेब मागत आहेत.