आधी एसएमपीएस, मग लाइटिंग!

रत्नागिरीतल्या माझ्या मावसभावाला गेमिंग पीसी हवाय. बजेट 50 हजार, पहिल्या नोकरीतून साठवलेले. त्याची यादी पाहिली. अर्धे पैसे ग्राफिक्स कार्डात, बरेचसे चमचमत्या कॅबिनेटमध्ये. एसएमपीएस? 'कुठलाही चालेल.' बॉस, तोच तर चालत नाही!

कोकणातली दमट, खारी हवा, त्यात पावसाळ्यात येणारी-जाणारी लाइट. फालतू एसएमपीएस जाताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो. म्हणून मी यादीच उलटी केली. आधी चांगल्या कंपनीचा 550 वॉटचा एसएमपीएस आणि यूपीएस. मग रायझन 5 5600जी. मॉडेल 2021 चं, पण ग्राफिक्स त्यातच आहे आणि व्हॅलोरंट मस्त चालतो. रॅम मात्र 8-8 जीबीच्या दोन स्टिक, 16 ची एक नको. हे ग्राफिक्स रॅमवरच जगतं, दोन स्टिकमुळे त्याचा रस्ता रुंद होतो. (2025 च्या अखेरीस रॅम कडाडली, तरीही!) कार्ड पुढच्या बोनसवर.

लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतं, मान्य. पण वॉरंटीसाठी मुंबईची खेप कोण मारणार? एसएमपीएस आणि मदरबोर्ड रत्नागिरीतच घे, पक्क्या बिलावर. प्रोसेसर आण खुशाल तिकडून, तो सहसा बिघडत नाही.

कॅबिनेटवर मात्र साहेब अडून बसलेत. मावशीचा एकच प्रश्न: ते दिवे रात्री बंद होतात ना रे?