भंगारात देण्यापूर्वी बॅटरीचे घट तपासा

पावसाळा सरत आला की गावोगाव एकच तक्रार कानी येते. सौरदिव्याची किंवा कुंपणाच्या झटका यंत्राची बॅटरी ‘बसली’. मध्यरात्रीपूर्वीच यंत्र मुके होते आणि रानडुकरे मक्यात शिरतात. मग शेतकरी ती बॅटरी भंगारात देऊन उसनवारीने नवी आणतो. अशा साऱ्याच बॅटऱ्या निकामी झालेल्या नसतात. पुष्कळशा केवळ अर्धपोटी राहिलेल्या असतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे विवेचन बुचे उघडून पाणी घालता येते अशा शिसे-आम्ल बॅटरीपुरतेच आहे. बंदिस्त किंवा लिथियम बॅटरीवर पुढील उपाय मुळीच करू नये.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. ढगाळ दिवसांत प्रभारण अपुरे राहिल्याने शिशाच्या पट्टिकांवर सल्फेट साचते व हळूहळू कठीण होते. जड आम्ल तळाशी बसते, पातळ आम्ल वर राहते. सहाही घट सारखे राहत नाहीत आणि एका दुबळ्या बैलापायी सारे औत अडावे तशी गत होते. पूर्ण प्रभारित घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व बॅटरीच्या प्रकारानुसार सामान्यतः १.२४० ते १.२८० असते. (हायड्रोमीटरवर हेच आकडे पुष्कळदा १२४०, १२८० असे छापलेले असतात.) नेहमीचे प्रभारण पूर्ण झाल्यावरही घटाघटांत ०.०३० हून अधिक फरक दिसला, तर समकारी प्रभारण करावे. मात्र नुकतेच पाणी घातले असेल तर ही मोजणी फसवी ठरते.

समकारी प्रभारण म्हणजे भरलेल्या बॅटरीला जाणूनबुजून दिलेले थोडे अधिक प्रभारण. दर घटास सुमारे २.५ ते २.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरीस १५ ते १५.६ व्होल्ट लागतात. तरी निर्मात्याने दिलेला आकडा प्रमाण मानावा. प्रवाह मंद ठेवावा. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ७ अँपिअरच्या आसपास पुरे. बुडबुडे सुटून आम्ल ढवळले जाते. दर तासाला मोजणी करावी व लागोपाठ तीन वेळा आकडा वाढला नाही की थांबावे. आम्ल ५० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यास त्याआधीच थांबावे. आरंभी पट्टिका बुडतील एवढेच शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी असावे; खुणेपर्यंत भरणे ते काम झाल्यावर. दिवे व यंत्रे आधी सोडवून ठेवावीत. जागा मोकळ्या हवेची हवी, कारण निघणारा हायड्रोजन पेट घेतो. बिडी ओढणाऱ्यांना दूरच बसवावे!

काहीजण दर महिन्याला हा विधी नेमाने करतात. ते आम्हांस पटत नाही. प्रत्येक वेळी पाणी उडते व धन पट्टिका थोड्या झिजतात. निर्णय मोजणीवर व्हावा, पंचांगावर नव्हे. आकडा कमी दिसताच घटात आम्ल ओतणारे मिस्त्री तर अधिकच हानी करतात. सल्फेट पट्टिकांवर तसेच राहते, आकडा मात्र खोटाच चढतो.

ग्रामसेवकांना आमची सूचना आहे की ग्रामपंचायतीने एक हायड्रोमीटर घ्यावा व पावसाळ्यापूर्वी आणि नंतर सहाही घटांचे आकडे वहीत नोंदवावेत. उघड्या बॅटरीची सोय नसलेल्या चार्जरवर हा प्रयोग करू नये. बॅटरी तालुक्याच्या जाणत्या कारागिराकडे न्यावी. त्यानंतरही एखादा घट उठला नाही तर जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. शिशासाठी ती गावात फोडू देऊ नये.