बूट ऑनलाइन घेताना आधी माप, मग भाव



मागच्या रमजानमध्ये धाकट्यासाठी ईदचे बूट मी मोबाइलवरूनच मागवले. 1,999 रुपये खोडून खाली 799 लिहिलेलं होतं. रोजा, शाळा आणि इफ्तारची तयारी, यात बाजारात जायला सवड कुठली? बूट आले ते चांदरातीला. पोरगा घालून म्हणाला, "अम्मी, बरोबर बसतात." ईदगाहहून परतला तेव्हा मोज्याला रक्त लागलं होतं. आधी का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाला, "तू अब्बूंना सांगत होतीस ना, या महिन्यात पैसे संपले."

घातलेले बूट कोण परत घेणार? आणि नीट वाचलं तर तिथं परतीची सोयच नव्हती. शेवटी दुकानातून 900 रुपयांची दुसरी जोडी आणली. बचत करायला निघालेली मी 1,699 रुपये घालवून बसले. तेव्हापासून काही गोष्टी पाळते.

माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. भिंतीला टाच टेकवून, मोजे घालून मुलाला कागदावर उभं करा. सर्वात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. मुलांच्या बुटात पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. मग त्याच कंपनीचा मापाचा तक्ता पाहा. नुसत्या नंबरावर जाऊ नका. आपल्याकडचा नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचा असतो. पुरुषांचा ब्रिटिश 7 म्हणजे अमेरिकन 8 च्या आसपास. इथेच घोटाळा होतो.

भावाआधी परतीचे नियम वाचा. पैसे परत मिळतात की फक्त जोडी बदलून मिळते? किती दिवसांत? परत न्यायला येण्याचे पैसे कापतात का? बूट आले की घरात सतरंजीवर घालून चालवून बघा. पसंत पडेपर्यंत खोका आणि लेबल टाकू नका. ईदसाठी मागवायचे तर निदान पंधरा दिवस आधी मागवा, म्हणजे बदलायला वेळ राहतो.

खोडलेल्या किमतीला भुलू नका. तीच जोडी दोन-तीन ठिकाणी पाहा आणि शेवटच्या पानावरची, डिलिव्हरीसह होणारी रक्कम ताडून बघा. डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून नको असलेली चप्पल घेणं ही फिजूलखर्चीच. "फक्त 2 शिल्लक" असं खोटंच दाखवून घाई करायला लावणं केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मना आहे, तरी सावध आपणच राहायचं. जोडी निवडून ठेवा, रात्र जाऊ द्या, सकाळी ठरवा. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्यापुढे 18. किंमत या रेषेच्या थोडी वर असेल तर खालची जोडी पाहून घ्या.

पैसे परत देतो म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. खरेदीत फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.

आणखी एक. मोहल्ल्यातल्या दुकानात बूट घालून बघायचे आणि मागवायचे मोबाइलवरून, हे मला पटत नाही. दुकानदाराला स्क्रीनवरचा भाव दाखवा. पन्नास-शंभराचाच फरक असेल तर तिथूनच घ्या. लागले तर दुसऱ्या दिवशी बदलून तरी मिळतील.

यंदा धाकट्याचा पाय कागदावर मोजला, तर वर्षभरात दीड सेंटिमीटर वाढलेला. बूट आल्यावर त्याला घरभर चालायला लावलं आणि म्हटलं, "लागत असेल तर आत्ताच सांग, पैशांचं मी बघते." तो म्हणाला, "डावा थोडा लागतो." दुसऱ्याच दिवशी जोडी बदलायला दिली.