कुंपणांतील ससा

परीक्षा जवळ आली म्हणजे एका रात्रींत आपली बुद्धि दसपट व्हावी, असें कोणत्या विद्यार्थ्यास वाटत नाहीं? पालकांसही तसेंच वाटतें. असा चमत्कार खरोखरीच घडला तर काय होईल, हें 'फिनॉमिनन' या १९९६ सालच्या अमेरिकन बोलपटांत दाखविलें आहे.

कॅलिफोर्नियांतील एका लहानशा गांवीं जॉर्ज मॅली हा साधा मनुष्य मोटारदुरुस्तीचें काम करितो. ही भूमिका जॉन ट्रॅव्होल्टा यांनीं केली आहे. सदतिसाव्या वाढदिवशीं रात्रीं आकाशांत तेजस्वी प्रकाश पाहून तो कोसळतो, आणि उठतो तो निराळाच होऊन. कितीही ग्रंथ वाचले तरी त्याची तहान भागत नाहीं. कांहीं मिनिटांत पोर्तुगीज भाषा शिकून तो एका आजारी मुलाचा शोध लावितो. भूकंपाची चाहूल त्यास आधींच लागते. परंतु ज्या गांवानें साध्या जॉर्जवर प्रेम केलें, तेंच गांव शहाण्या जॉर्जला भिऊं लागतें. पुढें त्याच्या मेंदूंत गांठ असल्याचें निघतें, आणि दिवस थोडे उरतात.

गांठीनें माणूस प्रज्ञावंत होतो, हें वैद्यकशास्त्रास धरून नाहीं. तथापि एक प्रसंग आम्हांस फार मार्मिक वाटला. जॉर्जच्या बागेंतील भाजी एक ससा खातो. जॉर्ज कुंपण अधिकाधिक भक्कम करितो, सर्व व्यर्थ! अखेर त्यास उमगतें कीं, ससा बाहेरून येतच नाहीं, तो आंतच कोंडला गेला आहे. मग तो फाटक उघडून स्वस्थ बसतो.

आम्हां शिक्षकांचींही अशीं कुंपणें असतात. काही वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक मुलगा रोज पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारी. "नेमलें आहे तेवढेंच विचार," असें आम्हीं त्यास एकदां सर्वांदेखत सुनावलें. त्यानंतर तो कधींच कांहीं विचारीना, आणि त्या मौनास आम्ही शिस्त समजलों! जॉर्जच्या गांवकऱ्यांस नांवें ठेवण्याचा आम्हांस काय अधिकार?

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलाचे गुण मोजतांना त्याचे प्रश्नही ऐकावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या प्रश्नांनीं आमची अडचण झाली, तरी विचारण्याचें सोडूं नका. फाटक उघडण्याचें काम आमचें आहे.