आरोग्यचिंतन : इन्सुलिनचे माप

व्यापारी माणसास मापाचे मोल सांगावे लागत नाही. तीच दक्षता इन्सुलिनबाबतही हवी. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली व १०० युनिट असलेली. पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज, दुसरीसाठी नारिंगी. १०० ची कुपी घेऊन लाल टोपणाच्या सिरिंजने २० युनिट भरल्यास शरीरात ५० युनिट जातात. साखर एकाएकी उतरून घाम, कंप, प्रसंगी बेशुद्धी येते. रुग्ण शुद्धीवर असल्यास त्वरित साखरपाणी द्यावे व डॉक्टरांना कळवावे. कुपीवरील व सिरिंजवरील अंक प्रत्येक वेळी ताडून पाहावेत. दुकानातील चूक खतावणीत दुरुस्त होते; टोचलेले औषध परत घेता येत नाही.