जड म्हणजे किती जड?

लोखंड जड आणि लाकूड हलके, असे आपण सहज बोलून जातो. परंतु लोखंडी खिळा आणि सागाचा ओंडका तोलून पाहिल्यास ओंडकाच जड भरेल! तुलना करावयाची, तर दोहोंचे घनफळ सारखे हवे. एक घनसेंटिमीटर लोखंडाचे वस्तुमान सुमारे ७.९ ग्रॅम, तर तितक्याच पाण्याचे १ ग्रॅम असते. हीच त्यांची घनता होय.

ओबडधोबड दगड पट्टीने मोजता येत नाही. तो मोजपात्रातील पाण्यात पूर्ण बुडवावा. पाणी जितके चढेल, तितके त्याचे घनफळ. वस्तुमानास घनफळाने भागले, की घनता मिळते.

मुलांनो, एवढे सूत्र पाठ केले म्हणजे झाले काय? मला तसे वाटत नाही. दुधाची घनता पाण्याहून किंचित अधिक असते. पाणी मिसळताच ती घटते व लॅक्टोमीटर ती लबाडी उघडी पाडतो. परंतु साय हलकी असल्यामुळे, ती काढून घेतल्यास दुधाची घनता वाढते. मग बेताने पाणी घातले, की ती पूर्ववत होते आणि उपकरण मुकाट राहते! आकडा बरोबर, पण दूध मात्र निकस. म्हणून मोजमाप अचूक करावेच. परंतु आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचाही विचार करावा.